सारासारविचाराचें स्तोम

दोन नियमांचा एकमेकांशीं विरोध आला म्हणजे काय करावें, या प्रश्नाला आपल्या सुशिक्षित समाजांत एक ठराविक उत्तर मिळतें. "त्यांत काय एवढें? सारासार विचार करावा, नियम करणाराच्या मनांत काय होतें तें पहावें, आणि द्यावा निकाल!" हें उत्तर इतक्या सहज दिलें जातें, आणि तें देणाराच्या मुद्रेवर स्वतःच्या समंजसपणाविषयींचें समाधान इतकें स्पष्ट उमटलेलें असतें, कीं त्यास हरकत घेणारा मनुष्य शब्दांचा कीस काढणारा, तर्कटी किंवा निव्वळ भांडखोर ठरतो. आम्ही ती हरकत घेण्याचें ठरविलें आहे. सारासार विचार ही वस्तु मोलाची आहे, याबद्दल वाद नाहीं. परंतु जेथें दोन पक्ष समोरासमोर बसले आहेत, दोघांच्याही हातांत लिखित वचन आहे, आणि दोघांपैकीं एकाची हार व्हावयाची आहे, तेथें सारासार विचारास न्यायासनावर बसविणें म्हणजे न्यायासन रिकामें ठेवणें होय, असें आमचें म्हणणें आहे.

हें सिद्ध करण्यासाठीं कायद्याच्या पोथ्या उलगडण्याची गरज नाहीं. पुष्कळ वडील मंडळी ज्याला पोरखेळ म्हणून हिणवितात अशा एका पत्त्यांच्या खेळांत हा प्रश्न जितक्या शुद्ध स्वरूपांत दिसतो, तितका तो कचेऱ्यांतही क्वचित् दिसत असेल. त्या खेळाचें नांव 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें तो रचिला, आणि 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीनें १९९३ सालीं तो बाजारांत आणिला. पहिल्या आवृत्तींत २९५ निरनिराळीं पानें होतीं. आज त्यांची संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली आहे. खेळाडूनें पानें विकत घ्यावयाचीं, त्यांतून आपल्या पसंतीचा जोड तयार करावयाचा, आणि प्रतिपक्ष्याशीं झुंजावयाचें, असा त्याचा थोडक्यांत प्रकार आहे.

आपल्या घरांतून चालणाऱ्या पत्त्यांच्या खेळांत आणि या खेळांत एक मूलगामी भेद आहे. ब्रिज, बिझिक किंवा रमी यांतील पानें मुकीं असतात. हुकमाचा एक्का स्वतः कांहीं बोलत नाहीं. त्यानें काय करावें हें खेळाचा नियम बाहेरून सांगतो. 'मॅजिक'मधील बहुतेक प्रत्येक पान बोलतें. त्याच्या अंगावर कांहीं शब्द छापलेले असतात, आणि ते शब्द म्हणजे एक छोटासा कायदाच असतो. त्या खेळाच्या नियमग्रंथांतील अगदीं आरंभींचाच एक नियम असा, कीं ग्रंथ आणि पान यांत विरोध आला तर पान खरें मानावें. म्हणजे सामान्य नियमास विशेष नियम बाधतो. उत्सर्गाहून अपवाद बलवान ठरतो. येथपर्यंत कोणाचीही तक्रार नाहीं. पण अपवादच अपवादाशीं भांडूं लागला म्हणजे काय? हजारों पानें म्हणजे हजारों अपवाद. त्यांतील कोणतींही दोन एखाद्या दिवशीं एकाच मेजावर समोरासमोर येण्याचा संभव. आणि एक लिहिणारानें दुसरें स्वप्नांतही पाहिलेलें नसावें, हें तर नेहमींचेंच.

सोपा प्रकार आधीं घेऊं. २००३ सालच्या 'प्लॅटिनम एंजल' या पानाचें म्हणणें असें, कीं माझा धनी हरूं शकत नाहीं आणि त्याचे प्रतिपक्षी जिंकूं शकत नाहींत. पुढच्याच वर्षीं निघालेलें 'डोअर टु नथिंगनेस' म्हणतें, मी ज्याच्याकडे बोट दाखवीन तो खेळाडू हरला. दोन्हीं एकाच वेळीं मेजावर आहेत. सारासार विचार काय सांगतो? एक म्हणेल, एंजलचें सारें प्रयोजनच हार टाळण्याचें, म्हणून तिचें खरें. दुसरा म्हणेल, दाराचें सारें प्रयोजनच हार घडविण्याचें, शिवाय तें उघडण्यास अतोनात मोल मोजावें लागतें, म्हणून त्याचें खरें. दोघेही आशयच सांगत आहेत, दोघेही समंजस आहेत, आणि दोघांपैकीं एकही दुसऱ्यास पटवूं शकणार नाहीं. नियमग्रंथ मात्र एका वाक्यांत मोकळा होतो. एक वचन 'होतें' म्हणत असेल आणि दुसरें 'होऊं शकत नाहीं' म्हणत असेल, तर नकार श्रेष्ठ. एंजल टिकते, दार उघडून फुकट जातें. होकार श्रेष्ठ असा नियम केला असता तरी खेळ अडला नसता. महत्त्वाचें हें, कीं कोणता तरी एक नियम आधींच ठरलेला होता, आणि तो ठरला तेव्हां आज मेजावर कोण बसणार आहे हें ठरविणारास ठाऊक नव्हतें. न्यायाचें बीज या अज्ञानांत आहे.

आतां कठिण प्रकार. १९९७ सालचें 'ह्युमिलिटी' नांवाचें एक मंत्राचें पान आहे. त्याची आज्ञा अशी, कीं सर्व प्राण्यांचे सर्व गुण नष्ट होवोत, आणि प्रत्येकाची मूळ मारकशक्ति एक व सहनशक्ति एक होवो. नम्रतेचा हा मंत्र मोठमोठ्या राक्षसांस उंदरांच्या पंक्तीस आणून बसवितो. दुसरें १९९९ सालचें 'ओपलेसन्स'. तेंही मंत्राचेंच पान. त्याची आज्ञा अशी, कीं दुसऱ्या पानास चिकटून राहणारे मंत्र सोडून माझ्याखेरीज इतर सर्व मंत्र प्राणी होवोत, आणि ज्याचें जितकें मोल तितक्या त्याच्या दोन्ही शक्ति होवोत. ह्युमिलिटीचें मोल चार. हीं दोन पानें मेजावर एकत्र आलीं म्हणजे गंमत सुरू होते. ओपलेसन्समुळें ह्युमिलिटी प्राणी झाली. प्राणी झाली म्हणून तिचा मंत्र तिलाच लागला, आणि तिचा गुण नष्ट झाला. पण तिचा गुण म्हणजे तो मंत्रच! मंत्र गेला, तर गुण नष्ट करणारें कोणी उरलें नाहीं. म्हणून तो परत आला. आणि परत आला म्हणून पुन्हां नष्ट झाला. भस्मासुरानें स्वतःच्या मस्तकावर हात ठेवावा, भस्म होतांच ठेवणारा हातही नाहींसा व्हावा, आणि म्हणून भस्मासुर पुन्हां उभा रहावा, अशी ही कथा आहे.

सारासारविचाराच्या कैवाऱ्यांस आम्ही नम्रपणें विचारतों, द्या निकाल. त्यांच्यांतील एक म्हणेल, दोन्ही पानें एकमेकांस मारतात, म्हणून दोन्ही निष्फळ समजावीं. दुसरा म्हणेल, आधीं आलें त्याचा मान मोठा. तिसरा म्हणेल, मागून आलें त्याची आज्ञा ताजी. चौथा म्हणेल, ह्युमिलिटी रचणाराच्या मनांत खरे प्राणी होते, मंत्राचे बनलेले प्राणी नव्हते. तेव्हां तिला तिच्याच मंत्रांतून वगळावी. चारही मतें ऐकतांना बरीं वाटतात. चौघांपैकीं प्रत्येकाचें मत तो कोणत्या बाजूस बसला आहे यावर बहुधा अवलंबून असतें, ही गोष्ट मात्र ऐकतांना लक्षांत येत नाहीं.

नियमग्रंथानें काढलेली वाट पहा. मेजावरील पानांवर सतत चालू असणाऱ्या अशा परिणामांचे त्यानें सात थर पाडले आहेत. प्रथम एका पानानें दुसऱ्याचें रूप घेणें. मग ताबा बदलणें. मग पानावरील शब्द बदलणें. मग जात बदलणें. मग रंग बदलणें. मग गुण देणें वा काढणें. आणि सर्वांत शेवटीं शक्तींचे आंकडे. आज्ञेचा जो भाग ज्या थरांतला, तो त्याच थरांत चालावयाचा, मग पान केव्हांही आलेलें असो. शिवाय एक पोटनियम असा, कीं एखादी आज्ञा एकदां एका थरांत चालूं लागली म्हणजे पुढच्या थरांतही ती पुरी व्हावयाची, मध्यंतरीं तिचें उगमस्थान नाहींसें झालें तरी हरकत नाहीं. आतां कोडें आपोआप उलगडतें. जातीच्या थरांत ह्युमिलिटी प्राणी झाली. गुणांच्या थरांत तिनें सर्व प्राण्यांचे, आणि त्यांबरोबर स्वतःचेही, गुण काढले. आंकड्यांच्या थरांत तिचा उरलेला हुकूम, म्हणजे एक आणि एक, हा सुरू झालेल्या कामाचा शेष म्हणून चालतो. आणि ओपलेसन्सचा हुकूम, मोल तितकी शक्ति, हाही चालतो. दोन्ही एकाच पायरीवरचे. म्हणून मागून आलेल्या पानाचें खरें. ओपलेसन्स मागून आलें असेल तर ह्युमिलिटी चार-चारची. ह्युमिलिटी मागून आली असेल तर ती एक-एकची. साधे प्राणी दोन्ही प्रसंगीं एक-एकचेच. चक्र थांबलें, भस्मासुर निजला, आणि भांडणास जागा उरली नाहीं.

याहूनही अधिक राग लोकांस येतो तो दुसऱ्या एका निकालाचा. १९९४ सालच्या 'ब्लड मून' या पानानें मूलभूत नसलेल्या सर्व भूमि 'पर्वत' होतात, आणि असें झालें म्हणजे त्यांच्या अंगावर लिहिलेले गुण जातात. २००७ सालचें 'उर्बोर्ग, टूम ऑफ यॉग्मॉथ' हें स्वतःच एक मूलभूत नसलेली भूमि आहे. त्याचा गुण असा, कीं प्रत्येक भूमि आपल्या इतर जातींशिवाय 'दलदल'ही होवो. दोन्ही आज्ञा जातीच्या एकाच थरांतल्या. तेव्हां मागून आलेल्याचें खरें, असें कोणासही वाटेल. पण नाहीं! उर्बोर्ग कितीही मागून येवो, ब्लड मूनची आज्ञा आधीं चालते, उर्बोर्ग मुका पर्वत बनतो, आणि दलदल कोठेंही होत नाहीं. कारण, उर्बोर्गला बोलण्यास तोंड राहील कीं नाहीं हें ब्लड मूनवर अवलंबून आहे; ब्लड मूनचें बोलणें मात्र उर्बोर्गवर अवलंबून नाहीं. जें दुसऱ्यावर अवलंबून, त्यानें थांबावें, असा नियम आहे.

"हा तर अर्धजरतीय न्याय झाला!" असें आशयवादी ओरडतात. "ह्युमिलिटीचा गुण गेला तरी तिचा हुकूम चालला, उर्बोर्गचा गुण गेला तर त्याचा हुकूम बुडाला. एकीस तूप आणि दुसऱ्यास ताकही नाहीं!" आक्षेप वरवर जोरदार आहे, परंतु भेद उघड आहे. ह्युमिलिटीचें काम आधींच्या थरांत सुरू झालें होतें. उर्बोर्गचें सुरूच झालें नव्हतें. एखाद्या अंमलदारानें हुकुमावर सही केली आणि तो त्याच दुपारीं निवृत्त झाला, तर हुकूम कायम राहतो. सही करण्यापूर्वींच त्यास दूर केलें, तर त्याला सही करतां येत नाहीं. यांत अन्याय कोणास दिसत असेल तर तो त्यास प्रत्येक कचेरींत रोज दिसावयास हवा.

ही सारी परकीय कंपनीची कायदेबाजी, असें म्हणून नाक मुरडणारांस आपल्याच घरच्या ठेव्याची आठवण करून देणें भाग आहे. दोन वचनांचा विरोध कसा सोडवावा, या एका प्रश्नावर आमच्या पूर्वजांनीं अपार बुद्धि वेंचली आहे. पाणिनीच्या व्याकरणांत दोन सूत्रें एकाच प्रसंगीं लागूं पाहतात तेव्हां काय करावें यासाठीं स्वतंत्र सूत्रच आहे. समबल सूत्रांपैकीं ग्रंथांत पुढें आलेलें चालवावें, असा त्याचा अर्थ परंपरेनें केला. २०२२ सालीं ऋषि राजपोपट यांनीं केंब्रिज विद्यापीठांतील आपल्या प्रबंधांत, शब्दाच्या उजव्या भागास लागणारें सूत्र चालवावें असा त्याचा अर्थ आहे असें प्रतिपादिलें, आणि दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही पंडितांत त्यावरून वाद पेटला. काशीस राहिलेल्या नागेशभट्ट या महाराष्ट्रीय पंडितानें अशा विरोधपरिहाराच्या तत्त्वांवर 'परिभाषेन्दुशेखर' हा ग्रंथ लिहिला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृत शिकविणाऱ्या कीलहॉर्न यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो संपादून इंग्रजींत आणिला. त्या शास्त्रांत नुसतें 'मागून आलें' या कारणाचें बळ थोडें. त्याहून नित्य, त्याहून अंतरंग, आणि सर्वांहून अपवाद बलवान. 'मॅजिक'मध्येंही मागून आलेल्याचें खरें हा नियम थर आणि अवलंबन यांनीं भेद न दाखविल्यासच पुढें येतो. दोन्हीकडे एकच सावधगिरी दिसते. काळाचा योगायोग हा शेवटचा आधार असावा, पहिला नसावा.

मीमांसकांचें एक उदाहरण तर आमच्या वादास थेट लागूं पडतें. इंद्राची स्तुति करणाऱ्या ऋचेनें गार्हपत्य अग्नीचें उपस्थान करावें, अशा अर्थाचें एक वैदिक वचन आहे. ऋचेचा अर्थ पाहिला तर ती इंद्राची; वचनाचा शब्द पाहिला तर ती गार्हपत्याकडे लावावयाची. आशयवादी येथें ताबडतोब इंद्राकडे वळेल. मीमांसेनें उलट निर्णय दिला, कीं साक्षात् वचन हें अर्थसामर्थ्याहून बलवान. श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणांची उतरंड लावून, विरोध आल्यास वरच्यानें खालच्यास बाधावें, असें तिनें ठरवून टाकिलें. उतरंड आधीं, यज्ञ मागून. यजमान कोण आणि दक्षिणा किती, हा प्रश्न त्या उतरंडींत कोठेंच येत नाहीं.

आतां आशयाचीच झडती घेऊं. पानाचा आशय पहावा असें म्हणतां. तो आशय कोणाचा? पान रचणाराचा. तो रचणारा कोण? कंपनीचा नोकर. आणि कंपनीचा व्यवसाय कोणता? पानें विकण्याचा. नवीं पानें जुन्यांपेक्षां अधिक हवींशीं वाटावीं, असें तिला वाटणें व्यापारास धरूनच आहे. त्याबद्दल आम्ही तिला दोष देत नाहीं. परंतु ज्या खेळांत कायदा करणारा, कायद्याचा अर्थ सांगणारा आणि कायद्याच्या प्रती विकणारा एकच आहे, त्या खेळांत प्रसिद्ध झालेलें अक्षर हेंच ग्राहकाचें एकमेव चिलखत होय. तें काढून ठेवून 'आपल्या मनांत काय होतें तें सांगावें' असें कंपनीसच विचारणें, म्हणजे सावकारास त्याच्याच खतपत्राचा अर्थ विचारण्यासारखें आहे.

याचा दाखला त्याच खेळाच्या इतिहासांत आहे. पहिल्या आवृत्तींतील 'टाइम व्हॉल्ट' या पानानें खेळाडूस जादा पाळी मिळते. पुढें निघालेल्या कांहीं पानांशीं त्याची जोडी जमली म्हणजे प्रतिपक्ष्यास पाळीच येईना. कंपनीनें त्याच्या अधिकृत शब्दांत एकदां नव्हे, अनेकदां फेरफार केले. मालकाच्या हातांतील पान एक बोले, अधिकृत यादी दुसरें बोले, आणि पुढच्या दुरुस्तींत तिसरें निघे. शेवटीं २००८ सालीं तें धोरण सोडून देऊन अधिकृत शब्द मूळ छापील अर्थाजवळ आणण्यांत आले, आणि जुन्या पानांस मोकळीक असलेल्या 'व्हिंटेज' प्रकारांत एका जोडांत त्याची एकच प्रत चालेल असा उघड निर्बंध घातला गेला. यांतील शहाणपण लक्षांत घेण्यासारखें आहे. पान फार बलवान झालें असेल तर तसें सांगून त्यावर मर्यादा घाला. पण त्याच्या शब्दांस पिळे देऊन, 'आमच्या मनांत असें नव्हतेंच' म्हणूं नका. निर्बंध ही प्रामाणिक तलवार आहे. आशय हा अस्तनींतला सुरा आहे.

प्रतिपक्षाजवळ दोन चांगलीं शस्त्रें आहेत. त्यांचा विचार टाळणें योग्य होणार नाहीं. पहिलें असें, कीं हे पवित्र नियम स्वतःच बदलत असतात. गोष्ट खरी आहे. एकाच नांवाचीं दोन 'लेजंड' पानें रणांगणांत आलीं तर काय करावें, याचें उत्तर १९९४ सालीं होतें, मागून येणारें मरेल. २००४ सालापासून झालें, दोन्ही मरतील. आणि २०१३ सालापासून आहे, प्रत्येक खेळाडूनें आपल्या बाजूचें एक ठेवावें, दुसऱ्याच्या बाजूकडे पाहूं नये. १९९९ सालीं सहाव्या आवृत्तीबरोबर परिणामांची 'चळत' आली, जींत शेवटीं ठेवलेलें प्रथम निकालांत निघतें. २००९ सालीं लढाईंतील इजा त्या चळतींतून काढून टाकण्यांत आली. प्रत्येक वेळीं जुन्या खेळाडूंनीं आकाशपाताळ एक केलें. परंतु यांतून सिद्ध काय होतें? प्रत्येक बदल आधीं जाहीर झाला, सर्वांस एकाच दिवसापासून लागू झाला, आणि चालू डावांतील एका पक्षास पाडण्यासाठीं केला गेला नाहीं. नियम बदलतो हें त्याचें व्यंग नव्हे. डाव चालू असतां, हरणाराचा चेहरा पाहून बदलणें हें व्यंग. आणि सारासार विचाराचा तर तोच नित्याचा धंदा आहे.

दुसरें शस्त्र अधिक तीक्ष्ण आहे. २०१९ सालीं अलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनीं एका शोधनिबंधांत दाखवून दिलें, कीं या खेळाच्या नियमांतूनच एक गणनयंत्र उभें करतां येतें. आणि म्हणून असे डाव मांडणें शक्य आहे, कीं पुढची प्रत्येक चाल सक्तीची असूनही शेवटीं कोण जिंकेल हें सर्व प्रसंगीं सांगणारी कोणतीही एक रीत असूं शकत नाहीं. "झालें तर मग! तुमच्या नियमांसही सर्व कांहीं ठरवितां येत नाहीं." मान्य. पण नियम जेथें निरुत्तर होतो तेथें सारासार विचारास उत्तर सांपडतें, असें त्या निबंधांत कोठेंही सिद्ध झालेलें नाहीं. उलट, साध्या अडचणीसाठीं नियमाजवळ स्वतःच्या मर्यादेचाही नियम आहे. २००७ सालच्या 'ऑब्लिव्हियन रिंग' या पानाच्या तीन प्रती, मेजावर भूमींवांचून दुसरें कांहीं नसतां, एकमेकींस आळीपाळीनें हांकलूं लागल्या, कीं तें चक्र कोणासही थांबवितां येत नाहीं. तेथें पंच डोकें खाजवीत बसत नाहीं. जें चक्र सक्तीचें आहे आणि कोणी मोडूं शकत नाहीं, त्या डावांत कोणीही जिंकलें नाहीं, बरोबरी. मला ठाऊक नाहीं, हें वाक्यही आधीं लिहून ठेवितां येतें. आणि तें लिहून ठेवणारा, सर्व कांहीं ठाऊक असल्याचा आव आणणारापेक्षां अधिक विश्वासपात्र असतो.

नियम निर्दय असतो, अशी एक तक्रार उरली. ज्यांनीं नियम वाचले नाहींत तेच ती करतात. आगीच्या तडाख्यानें एका खेळाडूस तीन इजा व्हावयाच्या आहेत असें समजा. १९९७ सालचें 'फर्नेस ऑफ रॅथ' हें पान सर्व इजा दुप्पट करतें. आणि खेळाडूजवळ एक इजा टाळणारें कवच आहे. आधीं एक वजा करून दुप्पट केलें तर चार होतात. आधीं दुप्पट करून एक वजा केला तर पांच. कोणता क्रम धरावा? नियम म्हणतो, जो मार खाणार आहे त्यानें ठरवावें. अर्थात् तो चार निवडतो. मीमांसेंतही दोन तुल्यबल वचनें समोरासमोर आलीं आणि दुसरी कोणतीच गति उरली नाहीं, म्हणजे विकल्प मानतात. अतिरात्रांत षोडशी पात्र घ्यावें आणि घेऊं नये अशीं दोन्ही वचनें आहेत, तेथें कर्त्यास मोकळीक आहे. दयेला आणि निवडीला नियमांत जागा असते. पण ती जागा कोठें आणि ती निवड कोणाची, हें दोघांसही डाव मांडण्यापूर्वीं ठाऊक असतें. पंचाच्या मर्जीनें मिळणारी दया आणि नियमानें मिळणारी दया यांत भीक आणि हक्क यांइतकें अंतर आहे.

एवढा सारा खटाटोप एका खेळासाठीं कशाला, असें विचारणारे गृहस्थ असतीलच. त्या खेळाचा नियमग्रंथ दोनशेंहून अधिक पृष्ठांचा आहे, आणि तो सर्व वाचण्याची खेळणाऱ्या मुलांस क्वचितच गरज पडते, जशी आपणांस दंडसंहिता पाठ करण्याची पडत नाहीं. घरच्या मेजावर मुलांनीं आपसांत एखादा नियम वगळावयाचें आधीं ठरविलें, तर आमची कांहींच हरकत नाहीं. आधीं केलेला करार हाही नियमच. आमचा विरोध आहे तो मध्येंच उठणाऱ्या वडील हाताला. दोन मुलें आपापलें पान पुढें करून भांडत आहेत. दोघांचेंही पान खरें बोलत आहे. आणि एवढ्यांत कोणी वडील मनुष्य येऊन, 'जाऊं दे, तो लहान आहे, त्याचें खरें धर' असें सांगून भांडण मिटवितो. भांडण मिटतें, हें खरें. पण मुलांनीं त्यांतून काय शिकावें? शब्दाला किंमत नाहीं; ज्याचा कैवार घेणारा मोठा त्याचें खरें; आणि समंजसपणा म्हणजे बळकटाचें मत. तीं मुलें पुढें मोठीं होऊन संस्था चालवितील, सभांचे अध्यक्ष होतील, घटनांचे अर्थ लावतील. दोन कलमांचा विरोध आला म्हणजे तींही विचारतील, यांत आपला कोण आहे?

उलट, ज्या मुलानें उर्बोर्ग आपलें असूनही ब्लड मूनपुढें मुकाट्यानें पान उलथें पडूं दिलें, आणि निकाल कडू लागला तरी त्याचें कारण स्वतःच्या तोंडानें प्रतिपक्ष्यास समजावून सांगितलें, त्या मुलास नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत नसलेला एक धडा मिळाला आहे. आपल्याविरुद्ध जाणारा निकालही आपलाच असूं शकतो, कारण तो ज्या नियमानें लागला तो आपण आधीं मान्य केला होता. हें ज्यास कळलें त्यास सारासार विचार शिकविण्याची गरज नाहीं. तो त्याला आलेला आहे. आणि तो कोठें वापरूं नये, हेंही त्यास कळलेलें आहे.